औषध सोडण्याचा इतिहास

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांत तेरणा नदीवर माकणी हें गांव आहे. तेथील धरणामुळें त्याचें नांव पंचक्रोशीबाहेरही ठाऊक झालें. पलीकडे सास्तूर आहे, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली कीं किल्लारी लागते. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले असतां, पहांटे चारला चार मिनिटें कमी असतांना या सर्व टापूखालची भूमि हादरली. जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद, अशा ज्या घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून आसरा दिला, त्याच घरांनीं निजलेल्या माणसांना गाडलें. सरकारी आकड्याप्रमाणें सुमारे आठ हजार माणसें मेलीं. पुढें गांवें नव्या जागीं वसलीं, आंखीव रस्त्यांचीं आणि पत्र्या-सिमेंटचीं घरें उभीं राहिलीं. या पुनर्वसनाचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. जीं मनें ढासळलीं त्यांचा इतिहास मात्र थोडाच लिहिला गेला.

तो अगदींच लिहिला गेला नाहीं असें नव्हे. भूकंपानंतर सुमारे महिन्याभरानें कांहीं मनोविकारतज्ज्ञांनीं वांचलेल्या माणसांच्या एका लहानशा गटाची तपासणी केली. त्यांत निम्म्याहून अधिक लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. आघातजन्य भय आणि खोल नैराश्य हे त्यांतले प्रमुख. हा वृत्तांत १९९६ सालीं अमेरिकेंतील मनोविकारशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनेंही या भागांत अभ्यास केला. देशांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालींच आरंभला होता. पण जिल्ह्याच्या पायरीवर उतरणारी त्याची योजना १९९६ मध्यें सुरू झाली. म्हणजे भूकंप आला तेव्हां मनाचें औषध मिळण्याची जागा खेड्यापासून फार दूर, मोठ्या शहरांत होती.

आज तें औषध तालुक्याच्या दुकानांत मिळतें, आणि ही मोठीच सोय झाली आहे. परंतु गोळी केव्हां सुरू करावी हें सांगणारा जेथें कसाबसा भेटतो, तेथें ती कशी थांबवावी हें सांगणारा बहुधा भेटतच नाहीं. मग रोग्यास बरें वाटलें म्हणून, पाऊस न पडल्यानें हातीं पैसा नाहीं म्हणून, लग्नसराईंत कोणी पाहील म्हणून, अथवा “किती दिवस गोळ्या खाणार?” असें घरच्या वडीलधाऱ्यांनीं म्हटलें म्हणून, एके दिवशीं डबी बंद होते. पुढें जें घडतें त्याचा उलगडा होण्यास या औषधांचा इतिहास पाहणें अवश्य आहे.

या इतिहासाचें एक पान मुंबईचें आहे. सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो हें डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश नियतकालिकांत दाखविलें, आणि आमच्या वैद्यांची जुनी मुळी जगभर पोहोंचली. तिचें सत्त्व घेणारे कांहीं रोगी खोल खिन्नतेंत बुडतात, असे वृत्तांत पुढील दशकांत येऊं लागले. शरीरासाठीं दिलेलें द्रव्य मनास खालीं ओढतें, तर दुसरें एखादें मनास वर उचलीलही, हा विचार त्या काळांत बळावला.

तसें द्रव्य क्षयाच्या रुग्णालयांत सांपडलें. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयरोग्यांना नवीं औषधें देतांना, अंथरुणास खिळलेलीं माणसें उल्हसित होऊन उठूं लागलीं. त्यांपैकीं इप्रोनियाझिड हें १९५७ पासून खिन्नतेवर वापरलें जाऊं लागलें. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडांतील म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयांतले डॉ. रोलांड कून यांनीं इमिप्रामिनचा गुण जाहीर केला. आणि वाचकांनीं ही पुढची तारीख मुद्दाम लक्षांत ठेवावी: अवघ्या दोन वर्षांनीं, १९५९ मध्यें, इमिप्रामिन थांबविल्यावर मळमळ, घाम, निद्रानाश व अस्वस्थता येते असें डॉक्टरांनीं लिहून ठेवलें. म्हणजे औषध सोडण्याचा त्रास हा कांहीं आजचा शोध नव्हे. तो औषधाइतकाच जुना आहे; तो फक्त विसरला गेला.

विसरण्यास कारणेंही झालीं. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेंत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली, आणि सेरोटोनिनवर काम करणाऱ्या नव्या गोळ्यांचा काळ सुरू झाला. त्या अधिक सुरक्षित होत्या, म्हणून त्या विशेषज्ञाच्या हातून साध्या डॉक्टराच्या हातीं आल्या. फ्लुओक्सेटिन शरीरांतून फार सावकाश निघून जातें, म्हणून तें थांबविल्याचा त्रास पुष्कळदां सौम्य असतो. पॅरोक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन मात्र लवकर निघून जातात, आणि त्यांचा त्रास अधिक. १९९६-९७ च्या सुमारास औषध-कंपनीच्या पैशानें भरलेल्या तज्ज्ञांच्या सभेंतून या त्रासास एक मवाळ नांव मिळालें, त्यांत ‘व्यसन सुटतांनाचा त्रास’ असा ध्वनि येऊं नये अशी काळजी होती. तो त्रास सौम्य असतो, आठवड्या-दोन आठवड्यांत सरतो, असें पाठ्यपुस्तकांतून शिकविलें गेलें. ज्यांचा महिनोन्‌महिने सरत नसे, त्यांना “तुमचा जुनाच आजार परतला” असें सांगण्यांत येई. रोग्यांच्या आग्रहामुळें आणि नव्या परीक्षणांमुळें ब्रिटनमधील नाइस या मार्गदर्शक संस्थेनें २०१९ सालीं आपलें मत बदललें: कांहींना हा त्रास तीव्र व दीर्घ असतो, हें तिनें मान्य केलें.

येथें दोन्ही बाजूंनीं अतिशयोक्ति झाली आहे, म्हणून आंकडे सांगणें उचित. २०२४ मधील एका मोठ्या परीक्षणांत एकोणऐंशीं अभ्यास एकत्र केले होते. औषध सोडणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारे ३१ जणांना कांहीं लक्षणें झालीं. पण नुसती खोटी गोळी सोडणाऱ्यांपैकींही शेंकडा १७ जणांना झालीं. तीव्र त्रास शेंकडा सुमारे तिघांना. दुसऱ्या बाजूनें, २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चांचणींत दीर्घकाळ गोळी घेऊन बरे असलेल्यांपैकीं ज्यांची गोळी हळूहळू बंद केली, त्यांत वर्षभरांत शेंकडा ५६ जणांचा आजार परतला. ज्यांची चालू ठेवली त्यांत ३९ जणांचा. म्हणजे गोळी सोडावीच असा नियम नाहीं, आणि ती जन्मभर घ्यावी असाही नाहीं. ज्याला वारंवार खोल नैराश्य आलें त्याचा निर्णय वेगळा, एकदांच आघातानें खचलेल्याचा वेगळा.

सोडायचें ठरलें तर सावकाश कां, याचें कारण मेंदूच्या चित्रणांतून दिसलें. सिटालोप्रॅमच्या २० मिलिग्रॅमनें सेरोटोनिन परत ओढून घेणारीं द्वारें शेंकडा सुमारे ८० अडतात. ९ मिलिग्रॅमनें सुमारे ७०. आणि साडेतीन मिलिग्रॅमच्या आंतबाहेर मात्रेनेंही निम्मीं. गोळी निम्मी केली तर मेंदूस फरक थोडा जाणवतो, पण शेवटचा पाव तुकडा एकदम टाकला तर तो आकाशांतून पडल्यासारखा पडतो. म्हणून २०१९ मध्यें मार्क हॉरोविट्झ व डेव्हिड टेलर यांनीं असें सुचविलें कीं मात्रा जसजशी लहान होते तसतशी घटही लहान करावी, आणि शेवटचीं पावलें सर्वांत मंद टाकावीं. कोणास आठवडे लागतात, कोणास महिने, क्वचित् वर्षाहून अधिक.

आतां जुना आजार परतला कीं औषध गेल्याचा त्रास आहे, हें घरच्यांनीं ओळखावें कसें? जो त्रास मात्रा घटविल्यावर थोड्या दिवसांतच येतो, ज्यांत चक्कर, मळमळ, भयंकर स्वप्नें, अथवा डोक्यांत विजेचा झटका बसल्याची चमत्कारिक संवेदना असते, आणि जो मागील मात्रा घेतांच ओसरतो, तो बहुतेक औषध गेल्याचा. खरा आजार बहुधा सावकाश परततो आणि आपल्या ओळखीचा असतो. त्रास झाला तर मागच्या पावलावर परत यावें, स्थिर व्हावें, मग लहान पाऊल टाकावें. एक दिवस गोळी घ्यायची व एक दिवस टाकायची, ही युक्ति लवकर उतरणाऱ्या औषधांना उपयोगी नाहीं. दीर्घकाळ कार्य करणाऱ्या गोळ्या मनास येईल तशा ठेचूं नयेत. द्रवरूप औषध मिळत असेल तर डॉक्टरांस विचारावें. ज्याचें मन कधीं अतिउत्साहाकडेही झुकतें, अथवा जी स्त्री गर्भवती आहे, त्यांनीं हा विचार स्वतःहून करूंच नये. आणि जगणें नको वाटूं लागलें तर त्याच घटकेस माणसापाशीं जावें. १४४१६ हा टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून देशभर आहे, व त्यावर मराठींतही बोलतां येतें.

धाराशिव जिल्ह्यासारख्या, दुष्काळानें आणि कर्जानें गांजलेल्या भागांत हें सर्व अधिकच अवघड आहे. डॉक्टराची भेट म्हणजे दिवसाची मजुरी आणि बसचें भाडें. म्हणूनच आमची सूचना लहान आहे: औषध लिहून देतांना, ते बंद होण्याचा मार्गही त्याच दिवशीं रोग्याच्या कागदावर लिहिला जावा, आणि घरच्यांनीं तो जपून ठेवावा. भूकंपानंतर नवीं घरें बांधतांना आम्हीं पाया आणि भिंतीचा सांधा यांचा विचार शिकलों. मनाच्या औषधांत तोच विचार अजून शिकावयाचा आहे. उचललेलें वजन खालीं कसें ठेवावें हें ठाऊक नसलें, तर उचलणाऱ्याची पाठ मोडते.