रुळांखालचें नगर

ओस पडलेल्या जुन्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे पांढरी म्हणतात. गांव उठून जातें, भिंती पडतात, राख नि माती यांचा पांढुरका थर तेवढा मागें राहतो. अशा पांढरीवरून रस्ता किंवा पूल न्यावयाचा ठरला, तर पहिली कुदळ पडण्यापूर्वीं ती कोणी वाचावयाची, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पंजाबांतील हडप्पा येथील पांढरी वेळेवर कोणीच वाचली नाहीं. अलेक्झांडर कनिंगहॅम १८५३ व १८५६ सालीं तेथें गेले, तेव्हां विटांच्या मोठमोठ्या भिंती उभ्या होत्या. पुढें लाहोर-मुलतान लोहमार्गाचें काम निघालें. गाळाच्या त्या सपाट मुलखांत दगड दुर्मिळ. आणि येथें तर भट्टींत भाजलेल्या पक्क्या विटांचे ढीगच ढीग! त्या फोडून रुळांखालीं खडी म्हणून पसरण्यांत आल्या. १८७२-७३ मध्यें कनिंगहॅम पुन्हां गेले, तों पूर्वीं पाहिलेल्या भिंती नाहींशा झालेल्या. सुमारें १०० मैल मार्गाला पुरेल एवढी वीट येथून गेली, असें त्यांनीं नमूद केलें आहे.

कंत्राटदारांना दोष देणें सोपें आहे. परंतु आपण काय पाहत आहों, हें खुद्द कनिंगहॅमांनाहि उमगलें नव्हतें. तेथील एक मुद्रा त्यांनीं १८७५ सालीं प्रसिद्ध केली. बैलाला वशिंड नाहीं, अक्षरें ओळखीचीं नाहींत, तेव्हां ती परदेशी असावी, असा त्यांचा तर्क. वास्तविक त्या विटा चार हजार वर्षांहून जुन्या होत्या! दयाराम सहानी यांनीं १९२१ मध्यें तेथें उत्खनन सुरू केलें, आणि १९२४ मध्यें जॉन मार्शल यांनीं सिंधुसंस्कृतीचा शोध जाहीर केला. तोंवर हडप्प्याच्या वरच्या थरांची पार दुर्दशा झाली होती. नगराची आंखणी नीट पाहावयाची तर मोहेंजोदडोकडेच वळावें लागलें.

आतां याच्या उलट एक उदाहरण. इंग्लंडांत केंब्रिज व हंटिंग्डन यांमधील नवा रस्ता अवघा २१ मैलांचा. पण २०१६ ते २०१८ या काळांत अडीचशेंपर्यंत पुराणवस्तुशास्त्रज्ञ त्याच्या मार्गावर राबत होते. जुने नकाशे चाळावयाचे, विमानांतून छायाचित्रें घ्यावयाचीं, नांगरलेल्या शेतांतून रांगेनें चालत खापरें वेंचावयाचीं, जमिनींतील चुंबकत्वाचे फरक यंत्रानें टिपावयाचे, आणि मग शंकेच्या जागीं चर खणावयाचे, असा हा क्रम असतो. येथें रोमन कुंभारांच्या भट्ट्या सांपडल्या, मध्ययुगांत उठून गेलेलें गांव सांपडलें. दोन हजार वर्षांपूर्वींचे लोक धान्याचें मद्य करीत, त्याच्याहि खुणा! रस्ता थांबला नाहीं. २०२० सालीं तो खुला झाला.

आपल्याकडे २०१० च्या दुरुस्तीनें राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्थळांभोंवतीं १०० मीटरपर्यंत बांधकामाला मज्जाव झाला, आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीचें बंधन आलें. तरतूद चांगली आहे. मात्र ती ज्यांची नोंद झाली त्यांच्यापुरतीच. खापरें ओळखणारा माणूस मोजणीदाराच्या आधीं शेतांत गेला नाहीं, तर नोंद व्हावयाची कशी? १८५६ सालीं हडप्प्याच्या भिंती कोणत्याच यादींत नव्हत्या.