बालसंगोपन संस्थांतील कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी : नियम आणि अंमलबजावणी

पाळणाघर, बालवाडी, वसतिगृह किंवा शाळा यांच्या स्वाधीन आपले मूल करताना आईवडील संस्थेच्या नावावर विश्वास ठेवतात. मुलाला प्रत्यक्ष हाताळणारी आया, शिपाई, सफाई कामगार किंवा वाहनचालक कोण, त्याचा पूर्वेतिहास काय, हे जाणून घेण्याचे साधन त्यांच्यापाशी नसते. म्हणूनच ही चौकशी करण्याचे कर्तव्य कायद्याने संस्थेवर सोपविले आहे.

कायद्यातील तरतूद

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजेच ‘पोक्सो’ कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. त्याखालील नवे नियम मार्च २०२० मध्ये लागू झाले. त्यांतील तिसऱ्या नियमानुसार, जेथे मुले राहतात किंवा जिचा मुलांशी नियमित संबंध येतो, अशा प्रत्येक संस्थेने मुलांच्या संपर्कात येणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व पूर्वचारित्र्याची तपासणी वेळोवेळी करून घेणे बंधनकारक आहे. कर्मचारी शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, कोणालाही सूट नाही. शाळा, पाळणाघरे व क्रीडा प्रबोधिनी यांचा नियमात स्पष्ट उल्लेख आहे.

‘वेळोवेळी’ या शब्दामुळे नेमणुकीच्या वेळी एकदाच घेतलेले प्रमाणपत्र पुरेसे ठरत नाही. मात्र किती काळाने, हे नियमात सांगितलेले नाही. अमेरिकेत शासकीय साहाय्य घेणाऱ्या पाळणाघरांसाठी २०१४ च्या कायद्याने निदान दर पाच वर्षांनी तपासणीचे बंधन घातले आहे. आपल्याकडे हा कालावधी संस्थेनेच आपल्या धोरणात लिहून ठेवणे इष्ट होय.

अंमलबजावणीतील उणिवा

गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविल्यास पोक्सो कायद्याच्या कलम २१ नुसार शिक्षा होते. हाताखालील कर्मचाऱ्याचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. परंतु पडताळणी न केल्याबद्दल या नियमांत स्वतंत्र शिक्षा नाही. त्यामुळे कर्तव्य कागदावर राहते आणि दुर्घटना घडल्यावरच त्याची आठवण होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. आरोपी कंत्राटी कर्मचारी होता. जनक्षोभ उसळल्यानंतर राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीविषयी शाळांना नव्याने आदेश दिले. कंत्राटदाराने माणूस पाठविला तरी मुले संस्थेच्याच ताब्यात असतात. म्हणून जबाबदारीही संस्थेचीच राहते.

प्रमाणपत्राची मर्यादा

पोलिसांच्या दप्तरात जे नोंदलेले असते, तेवढेच प्रमाणपत्रात उतरते. इंग्लंडमधील सोहम येथे ऑगस्ट २००२ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. खुनी तेथील एका विद्यालयाचा रखवालदार होता. पूर्वी तो राहत असलेल्या भागात त्याच्याविरुद्ध अनेक तक्रारी आल्या होत्या. पण ती माहिती नेमणुकीच्या वेळी संबंधितांपर्यंत पोहोचलीच नाही. चौकशीअंती २००४ मध्ये अहवाल आला व २००६ मध्ये तेथे नवा कायदा झाला.

भारतात लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. ती केवळ तपास यंत्रणांसाठी खुली आहे. शाळेला किंवा पालकांना ती पाहता येत नाही. म्हणून पोलीस पडताळणीखेरीज मागील मालकाकडे स्वतः विचारपूस करणे आवश्यक ठरते.

स्वयंसेवकांचे काय?

नियमातील शब्द कर्मचाऱ्यांपुरते आहेत. धर्मशिक्षण देणारे, सुट्टीतील शिबिरे चालविणारे किंवा गायकवृंद शिकविणारे बहुतेक जण मात्र विनावेतन सेवा करतात. अमेरिकेतील महागुरूंनी जून २००२ मध्ये डॅलस येथे संमत केलेल्या सनदेत धर्मगुरू व पगारी सेवकांबरोबरच मुलांशी सतत व देखरेखीविना संपर्क येणाऱ्या स्वयंसेवकांचीही तपासणी आवश्यक मानली. तिच्या पालनाची दरवर्षी पाहणी होऊन अहवाल प्रसिद्ध केला जातो. हा पायंडा आपल्या धर्मग्रामांनीही विचारात घेण्याजोगा आहे.

संस्थाचालकांनी काय करावे?

१. पडताळणी पूर्ण होईपर्यंत नव्या व्यक्तीच्या हाती मुले एकटी सोपवू नयेत.
२. उमेदवाराची सर्व नावे व पूर्वीचे पत्ते लिहून घ्यावेत आणि मूळ ओळखपत्र पाहावे.
३. कंत्राटदाराशी करार करताना पडताळणीची अट घालावी व प्रमाणपत्राची प्रत संस्थेत ठेवावी.
४. प्रत्येकाची पडताळणी केव्हा झाली व पुढील केव्हा, याची नोंदवही एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावी.
५. तपासणीतील माहिती गोपनीय ठेवावी. अफवेवरून कोणाची बदनामी होऊ देऊ नये.

पालकांनीही प्रवेश घेताना ‘आपल्या कर्मचाऱ्यांची पडताळणी झाली आहे काय?’ असे निःसंकोच विचारावे. हा प्रश्न अविश्वासाचा नाही. ज्या संस्थेने आपले कर्तव्य केले आहे, तिला उत्तर देणे अवघड जाणार नाही. काही अनुचित आढळल्यास पोलीस ठाण्यात किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे.