भाकरीनं काय दिलं?



ज्वारी मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली अन् इथलीच झाली. सोलापूर जिल्ह्यात मोहोळला निवडलेली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, आजही रब्बीत पेरली जाते. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची परदेशी तांबडी मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. पुढं गहू-तांदूळ स्वस्तात मिळू लागला, ज्वारीचा पेरा घटला आणि भाकरी म्हणजे गरिबाचं खाणं असा समज झाला.

हा समज खरा नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम चोथा आणि ४ मिलिग्रॅम लोह असतं. पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. चोथ्यामुळं पोट साफ राहतं, भूक उशिरा लागते.

मात्र नुसत्या भाकरीवर भागवू नका. १९६० च्या सुमारास डॉ. गोपालन यांनी हैदराबादकडं, मुख्यतः ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा कातडी काळवंडणारा रोग अभ्यासला. एकाच धान्यावर राहू नये, हा त्यातला धडा. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी असतं. ती उणीव डाळ भरून काढते. म्हणून भाकरीबरोबर आमटी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक असू द्या. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको.

अन् सगळी ज्वारी बाजारात नेण्याआधी घरापुरती कणगीत ठेवा. लेकराबाळांचा वाटा आधी, मग व्यापाऱ्याचा!