खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. त्याला लागूनच अनेक वर्षे मोठे बसस्थानक होते आणि आसपासच्या धानाच्या मुलखातून येणारा माणूस शहरात प्रथम पाऊल ठेवी ते याच ठिकाणी. कापडाच्या गाठी आणि मोटारींचे भोंगे यांच्या गर्दीत कोंबडीच्या संसाराचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नाही. परंतु त्या मोटारींतून उतरणाऱ्या पुष्कळ माणसांच्या घरी, मातीच्या भिंतीलगत, टोपलीत बसलेली एखादी कोंबडी असेच. छत्तीसगढीत तिला कुकरी म्हणतात. भोसल्यांच्या सैन्याने १७४१ साली छत्तीसगढावर स्वारी केली, आणि पुढे मध्यप्रांताच्या काळात नागपूर व रायपूर एकाच कारभाराखाली राहिले. त्या दीर्घ सहवासामुळे या शहरात मराठी कुटुंबे आली व रुजली. त्यांची कोंबडी आणि शेजाऱ्यांची कुकरी ही शब्दांनी भिन्न. पण खुडूक झाल्यावर दोघींचे वर्तन एकच.

खुडूक होणे ही मोठी चमत्कारिक अवस्था आहे. दहाबारा अंडी घातल्यानंतर कोंबडीचे अंडी देणे एकाएकी थांबते. ती घरट्यावरून हलत नाही. कोणी हात पुढे केला की पिसे फुलवून, घशातून खरखरीत आवाज काढून, चोच उगारते. तिच्या पोटाखालची पिसे झडतात, तेथील कातडीत रक्ताचा पुरवठा वाढतो आणि ती उघडी, ऊन कातडी अंड्यांना चिकटते. या सर्व स्थित्यंतरामागे मेंदूच्या तळाशी असलेल्या लहानशा ग्रंथीतून स्रवणारे प्रोलॅक्टिन नावाचे द्रव्य मुख्यत्वे कारणीभूत असते. १९३५ साली ऑस्कर रिडल या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य टोचून कोंबड्यांना खुडूक करून दाखविले. ही अवस्था ओळखून तिचा उपयोग करून घेण्याची विद्या मात्र घराघरांतील बायकांना कित्येक शतकांपासून अवगत होती.

ही विद्या सामान्य नाही. कोंबडी रवणावर बसविण्यापूर्वी अंडी थंड जागी, धान्यात किंवा कोंड्यात जपून ठेवावी लागतात. आठदहा दिवसांहून जुनी झालेली अंडी उबत नाहीत, असे नव्हे; पण त्यांतून पिले निघण्याचे प्रमाण घटत जाते. फार मोठे, फार लहान, वेडेवाकडे किंवा तडा गेलेले अंडे वगळतात. टोपलीत पेंढा घालून मध्ये खोलगट करावयाचा, म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. तळाशी राख पसरली की उवा व गोचिडे कमी होतात. कोठे कोठे विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत कोळसा अथवा लोखंडाचा तुकडा ठेवण्याची चाल आहे. त्या लोखंडाने काही साधत असेल असे नाही. मात्र पावसाळी उकाडा आणि वैशाखातील रायपूरची धग यांनी अंडी नासतात, हा त्या समजुतीमागील अनुभव अगदी खरा. म्हणून जाणत्या बायका उन्हाळ्यात कोंबडी बसविण्यास नाखूश असतात.

देशी कोंबडीचा देह लहान. दहा ते तेरा अंड्यांपलीकडे तिच्या पंखाखाली नीट मावत नाहीत, आणि लोभाने जास्त ठेवली तर सगळ्यांनाच ऊब कमी पडते. ती दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरविते, कडेची मध्ये घेते, मधली कडेला सारते. अंडे फिरविले नाही तर आतील गर्भ कवचाच्या अस्तराला चिकटून मरतो. दिवसाकाठी एकदा ती उठते, घाईने दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि पुन्हा जागेवर येते. एकवीस दिवस तिचा आहार नाममात्रच असतो आणि वजन घटत जाते. सातव्याआठव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर अंडे धरून पाहिले, तर जिवंत अंड्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते आणि वांझ अंडे निव्वळ काचेसारखे दिसते. वांझ अंडी काढून घेतात. शेवटच्या दिवसांत कवचाच्या आतून पिलांची चिवचिव ऐकू येऊ लागते व कोंबडी हलक्या आवाजात तिला उत्तर देते. एकविसाव्या दिवशी पिलू चोचीच्या टोकावरील टणक कण्याने कवच फोडते. बाहेर पडण्यापूर्वी त्याने उरलेला बलक पोटात ओढून घेतलेला असतो. म्हणून पहिले दोन दिवस त्याला दाणा मिळाला नाही तरी ते जगते, आणि तोवर मागाहून फुटणाऱ्या भावंडांसाठी आईला टोपलीत थांबता येते. पुढे याच दोन दिवसांच्या शिदोरीवर एका दिवसाची पिले खोक्यांत भरून दूरदेशी पाठविण्याचा जगभरचा व्यापार उभा राहिला!

एवढ्या बारकाव्याच्या या कारागिरीचा आपल्या प्राचीन वाङ्मयात उल्लेख शोधू गेल्यास निराशाच पदरी येते. कोंबडा तेथे आहे. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत स्वरांसाठी जे सूत्र रचले, त्याचे विवरण करताना कोंबड्याच्या आरवण्यातील चढत्या मात्रांचा दाखला परंपरेने दिला जातो. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये अशी आज्ञा आहे. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कोंबडा पाळून पुष्ट करण्याचा उद्योग राजाच्या नजरेत भरण्याइतका रूढ होता. कोंबडी मात्र या सर्वांत मुकी आहे. तिचे कारण मनुस्मृतीत सापडते. तेथे ग्रामकुक्कुट द्विजांना अभक्ष्य ठरविला आहे. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या अंगणात कोंबडी नव्हती. ज्यांच्या अंगणात कोंबडी होती त्यांच्या हाती लेखणी नव्हती. त्यामुळे उबवणीचे सर्व ज्ञान सासूकडून सुनेकडे, तोंडातोंडीच चालत आले.

इजिप्तमध्ये वेगळे घडले. तेथे खतात पुरून अंडी उबवितात असे अॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच नमूद केले आहे. पुढे तेथे कच्च्या विटांच्या मोठमोठ्या भट्ट्या झाल्या. त्यांची देखरेख करणारे कारागीर भट्टीतच राहत आणि अंडे पापणीला लावून उष्णतेचा अदमास घेत. अठराव्या शतकात फ्रान्समधील रेओम्यूर याला या भट्ट्यांनी भुरळ घातली. उष्णतामापकाच्या इतिहासात ज्याचे नाव कायम आहे तोच हा विद्वान. त्याने खताच्या उष्णतेवर अंडी उबविण्याचे प्रयोग केले व १७४९ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. यंत्राने पिले काढता येतात हे एकदा सिद्ध झाल्यावर कोंबडीच्या बसण्याला किंमत राहिली नाही. उलट ती नुकसानीची बाब ठरली. खुडूक कोंबडी अंडे देत नाही, आणि अंडे हाच ज्याचा माल, त्याला तिचे मातृत्व म्हणजे खाडाच! तेव्हा न बसणाऱ्या कोंबड्या निवडून त्यांचीच वीण वाढविण्यात आली. इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या इंग्रजी नावावरून ओळखली जाणारी लेगहॉर्न ही त्या निवडीची सर्वांत यशस्वी संतती होय.

ही वृत्ती खरोखर मेली की केवळ निजली, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. पाळीव प्राण्यांतील बदलांवरील आपल्या १८६८ च्या ग्रंथात त्याने नोंद केली आहे की, न बसणाऱ्या दोन निरनिराळ्या जातींचा संकर केला असता त्यांच्या लेकी पुष्कळदा उत्तम रीतीने अंड्यांवर बसतात. दोन्ही घराण्यांतून जी गोष्ट हद्दपार केली, ती नातवंडांत अचानक उगवते. साऱ्या पाळीव कोंबड्यांचे मूळ तांबड्या रानकोंबडीत आहे, या त्याच्या मताला या नोंदीने बळकटी आली. ते मत पुढील संशोधनानेही मुख्यतः खरे ठरले आहे. ही रानकोंबडी मध्य भारताच्या सालवनांत आजही आहे, आणि बस्तरच्या जंगलाकाठी गावची कोंबडी व रानची कोंबडी यांच्यातील कुंपण फारसे उंच नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात योजनाकारांनी अंड्यांचे उत्पादन वाढविण्याचे मनावर घेतले. सरकारी केंद्रांतून सुधारित जातीचे पक्षी व अंडी वाटण्यात आली. १९७१ साली पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली आणि महाराष्ट्रातील कुक्कुटपालन पाहता पाहता कारखानदारीच्या वळणावर गेले. पिंजऱ्यातील आधुनिक कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. परसातील देशी कोंबडी चाळीस ते साठ. या आकड्यांकडे पाहून देशी कोंबडीला कुचकामी ठरविणे सोपे आहे, आणि बराच काळ ती तशी ठरविली गेलीही. परंतु हिशेबाची ही वही निराळ्या घरची आहे. पिंजऱ्यातील कोंबडीला विकतचे खाद्य, औषध, वीज आणि दरवेळी नवी पिले लागतात. देशी कोंबडी उकिरड्यावर पोट भरते, रात्री खुराड्यात शिरते आणि आपली जागा घेणाऱ्या कोंबड्या आपणच तयार करते. तिची अंडी ही विक्रीची जिन्नस नसून बियाणे असतात. विक्री होते ती वाढलेल्या कोंबड्याची. मुलाचे पुस्तक, आजाऱ्याचे औषध, अचानक आलेला पाहुणा, अशा प्रसंगी तो आठवडी बाजारात हातोहात रोख पैसा देतो. तो पैसा बहुधा घरच्या बाईचाच असतो.

परसासाठी म्हणून पुढे गिरिराजा व वनराजा यांसारखे रंगीत, काटक पक्षी कर्नाटकात व हैदराबादेत निर्माण करण्यात आले. ते वर्षाला शंभरावर अंडी देतात आणि खेड्यात त्यांना मागणी आहे. पण ते सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून ज्या घरी ते आहेत त्या घरी त्यांची अंडी देशी कोंबडीखाली ठेवावी लागतात. ती नसेल तर पुढच्या खेपेला पुन्हा केंद्राच्या दारी जावे लागते. झाबुआच्या ज्या काळ्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्यावर छत्तीसगढातील दंतेवाड्यानेही हक्क सांगितला होता, त्याची मादीही बसण्याच्या बाबतीत भरवशाची समजली जात नाही. इतक्या वादाच्या त्या पक्ष्याचा वंश पुष्कळ घरी एखाद्या निनावी गावठी कोंबडीच्या पोटाखाली वाढला आहे, हे त्या वादात कोणी बोलून दाखविले नाही.

चांगली बसणारी कोंबडी, म्हणूनच, गावात मोलाची. आपली कोंबडी खुडूक नसेल तर अंडी शेजारणीकडे न्यावयाची आणि पिले वाढली की निम्मी वाटून घ्यावयाची, असा व्यवहार अनेक ठिकाणी चालतो. गोदावरीकाठच्या आदिवासी गावांत असील कोंबड्यांच्या जपणुकीचे काम करणाऱ्या अँथ्रा या संस्थेने अशा पद्धतीचा अभ्यास केला. तेथील तिचे नाव ‘वाटा’. तेलुगू मुलखातील या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला विचारावा लागत नाही. कोंबडी मिळालेल्या बाईने पिलांचा हिस्सा परत द्यावयाचा, व तो हिस्सा तिसरीच्या घरी जावयाचा. कागद नाही, व्याज नाही.

या रचनेचा शत्रू गरिबीहून वेगळाच आहे. घार, मुंगूस आणि मांजर पिलांचा मोठा भाग नेतात, ते एक वेळ सोसता येते. मानमोडी आली म्हणजे मात्र चार दिवसांत गाव रिकामे होते. या रोगाला शास्त्रीय व्यवहारात राणीखेत असे हिमालयातील एका थंड हवेच्या ठिकाणाचे नाव मिळाले आहे, आणि त्यावर लसही आहे. पण शेकडो पक्ष्यांसाठी बांधलेली कुपी पाच कोंबड्यांच्या घरी कोण फोडणार?

२०१९ च्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व अन्य पक्ष्यांची संख्या ८५.१८ कोटी भरली. तीपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातील होते. २०१२ च्या मानाने परसातील संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती, तर व्यापारी पक्ष्यांची वाढ पाच टक्क्यांच्याही आत राहिली. जी गोष्ट मागासलेपणाची खूण मानली गेली, ती कमी होण्याऐवजी वाढली, याची नोंद घेणे भाग आहे. अर्थात या वाढीत सुधारित पक्ष्यांचाही मोठा वाटा असणार, आणि त्यांतील किती माद्या अंड्यांवर बसतात, असा रकाना गणनेच्या तक्त्यात नसतो.

अशा संख्यांपलीकडील नुकसान कसे असते ते फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे दिसले. बर्ड फ्लूची भारतातील पहिली अधिकृत साथ तेथे निश्चित झाली. मोठ्या पोल्ट्र्यांतील लक्षावधी पक्षी मारण्यात आले आणि ठरावीक परिघातील घरगुती कोंबड्याही वेचून नेण्यात आल्या. माणसाच्या जिवाला धोका होता, तेव्हा ते करणे प्राप्तच होते. पक्ष्यामागे भरपाईही देण्यात आली. भरपाईच्या यादीत कोंबडी म्हणजे एक नग होता. ती किती वेळा बसली होती, तिने किती पिले घारीपासून राखली होती, यासाठी वेगळा दर असणे शक्यच नव्हते. साथ ओसरल्यावर पोल्ट्रीचालकाला दुसऱ्या गावच्या हॅचरीतून मोटारीने हजारो पिले मागविता येतात. खुराडे रिकामे झालेल्या बाईला परिघाबाहेरच्या नातलगाकडून पदराखाली एक तलंग आणावी लागते, ती अंडी घालू लागेतो थांबावे लागते, ती खुडूक होईल की नाही याची वाट पाहावी लागते, आणि झाली तर पेंढा पसरून पुन्हा एकवीस दिवस मोजावे लागतात.