शिक्कामोर्तब : साताऱ्याच्या गादीपासून डिजिटल सहीपर्यंत

सप्टेंबर १८३९ च्या पहिल्या आठवड्यात इंग्रज रेसिडेंट कर्नल ओव्हन्स याने प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याच्या राजवाड्यातून बाहेर काढले. गादीवर त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांना बसवण्यात आले आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीला झाली. तिथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी अप्पासाहेबही वारले आणि डलहौसीच्या कारकिर्दीत संस्थान खालसा झाले. आपल्या धन्याची कैफियत घेऊन लंडनला गेलेले रंगो बापूजी गुप्ते १८५३ पर्यंत तिथे दारोदार फिरत राहिले. ही हकिकत सातारकरांना ठाऊक आहे. पण त्यातल्या एका गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही. हे राज्य लढाईत गेले नाही. ते साक्षींवर आणि कागदांवर गेले.

आरोप तीन होते. कंपनीच्या तेविसाव्या पलटणीतील दोन देशी सुभेदारांना फितवण्याचा प्रयत्न, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. पुराव्यात शिक्के असलेली पत्रे होती. ती बनावट आहेत, असे राजाचा पक्ष अखेरपर्यंत सांगत राहिला. दिवाण गोविंदरावांच्या मातोश्री गिरजाबाई यांच्या नावाने एक अर्ज सरकारकडे गेला होता. तो आपण रचला, असे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या गृहस्थाने पुढे कबूल केले. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्सन यांनी इंग्लंडात हा प्रश्न लावून धरला, तरी निकाल फिरला नाही. त्याआधी ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला होता. अटी मान्य करून सही करा, गादी राहील, असा त्याचा प्रस्ताव होता. दोष पत्करणारी सही प्रतापसिंहांनी केली नाही. जे शिक्के आपले नाहीत असे ते म्हणत होते ते त्यांच्या माथी बसले आणि जी सही त्यांची झाली असती ती त्यांनी नाकारली.

कागद खरा कशावरून, हा प्रश्न त्या काळी राजाला पडला होता. आज तो सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून बँकेच्या व्यवहारापर्यंत प्रत्येकाच्या दारात आला आहे आणि येत्या दहा वर्षांत तो अधिक बिकट होणार आहे. त्याची चर्चा संगणकवाल्यांवर सोपवून आपण मोकळे होतो. वास्तविक हा इतिहासाचाही विषय आहे, आणि आपल्या समाजाच्या जवळचा विषय आहे.

मराठीत एखादी गोष्ट पक्की झाली की आपण तिच्यावर शिक्कामोर्तब झाले म्हणतो. शिक्का हा शब्द अरबी, मोर्तब हा 'मुरत्तब'चा मराठी अवतार. सही म्हणजे 'सहीह', बरोबर, निर्दोष. दस्तऐवज फारसी, सनद अरबी. बहमनी आणि आदिलशाही अमदानीत हे शब्द दफ्तरांतून इथे रुजले. साताऱ्यात ऐतिहासिक कागद व चित्रांचा मोठा संग्रह उभा करणाऱ्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांचे आडनावदेखील फारसी लिहिणाऱ्या चिटणिसाच्या हुद्द्यावरून आलेले आहे. मराठी माणसाचा कागदावरचा विश्वास अशा रीतीने आपल्या भाषांतून बोलतो.

मराठेशाहीतील पत्राला डोक्यावर मुद्रा असे आणि शेवटी मोर्तब. मोर्तबाखाली कुणी एक ओळही वाढवू नये, हा हेतू. अनेक बंद एकमेकांना चिकटवून लांब कागद केला असेल, तर पाठीमागे सांध्यावर शिक्का उमटवत. मधला बंद बदलला तर अर्धा शिक्का अर्ध्याला जुळत नसे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला तेव्हा त्यांच्यासमोर असेच कागद होते. अक्षराचे वळण, शाई, कागद, तिथी, शिक्का, यांतले एक साक्षीला कमी पडले तरी दुसरे उभे राही.

शिक्क्याची मर्यादाही आपल्याच इतिहासात नोंदलेली आहे. बिगरमोहरेचे पत्र राजे लोक वाचत नाहीत असे कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चांदीची अंगठी करवून घेतली आणि तिच्यावर 'मुहम्मद रसूल अल्लाह' अशी अक्षरे कोरवली. तसा मजकूर दुसऱ्या कुणी आपल्या अंगठीवर कोरू नये, अशी ताकीदही दिली. ती अंगठी क्रमाने खलिफांकडे आली आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात मदिनेजवळच्या अरीसच्या विहिरीत पडली. विहीर उपसूनही ती सापडली नाही. पुढे इ. स. ६५६ मध्ये इजिप्तहून आलेल्या बंडखोरांना परतीच्या वाटेवर एक पत्र सापडले. त्यांना शिक्षा देण्याचा हुकूम त्यात होता आणि त्यावर खलिफांची मोहर होती. हे पत्र मी लिहिले नाही, लिहवले नाही, असे हजरत उस्मान यांनी सांगितले. बंडखोर मागे फिरले, घराला वेढा पडला आणि खलिफांची हत्या झाली. जुन्या इतिहासकारांनी दिलेल्या या वृत्तांतातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. मोहर खरी असली तरी ती कुणाच्या हातात होती, हे मोहर सांगत नाही.

दुसरा धडा बगदादचा. नवव्या शतकात अल्-किंदी या तत्त्वज्ञाने गुप्तलिपी उलगडण्यावर एक रिसाला लिहिला. भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. गुप्त मजकुरातली खुणांची वारंवारता मोजली की कोणती खूण कोणत्या अक्षराची, ते ओळखता येते. अक्षराला अक्षर बदलून लिहिण्याची पद्धत तोवर अभेद्य मानली जात होती. अल्-किंदीने कुलूप फोडले नाही, किल्लीही चोरली नाही. त्याने मोजायची नवी रीत काढली आणि त्या जातीची सगळी कुलपे एकदम निकामी झाली. इंग्रजीतला 'सायफर' हा शब्द अरबी 'सिफर'पासून आला, आणि सिफर म्हणजे भारतातून गेलेले शून्य. विद्येचा हा प्रवास लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आजची कुलपे गणिताची आहेत. ८९ आणि ९७ यांचा गुणाकार ८६३३ हे कुणीही कागदावर काढील. पण नुसते ८६३३ देऊन ते कोणत्या दोन संख्यांचे, असे विचारले तर वेळ लागतो. संख्या सहाशे अंकी असेल तर आजच्या सगळ्यांत वेगवान संगणकालाही ते जमत नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी या अवघडपणावर 'आरएसए' ही पद्धत उभारली. तिच्यात एक किल्ली जाहीर असते आणि दुसरी मालकाजवळ गुप्त. गुप्त किल्लीने सही करायची, जाहीर किल्लीने कुणीही ती पडताळायची. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा डिजिटल सहीला मान्यता दिली.

१९९४ मध्ये पीटर शोर या गणितज्ञाने दाखवले की, क्वांटम संगणक तयार झाला तर त्याला मोठ्या संख्येचे अवयव पाडणे सोपे जाईल. अल्-किंदीसारखीच ही मोजायची नवी रीत. आरएसए आणि तिच्यानंतर आलेली लंबवर्तुळी वक्रांची पद्धत, दोन्ही तिच्यापुढे टिकणार नाहीत. एवढा मोठा क्वांटम संगणक आज अस्तित्वात नाही. पण अंदाज खाली येत आहेत. २०४८ बिटांची आरएसए किल्ली तोडायला दोन कोटी क्युबिट लागतील, असे २०१९ मध्ये गिडनी आणि एकेरो यांनी मांडले होते. त्याच गिडनीने २०२५ मध्ये दहा लाखांहून कमी क्युबिट पुरतील, असा हिशेब दिला.

मग आज घाई कशाला? दोन कारणे आहेत. पहिले, गुप्त मजकूर आज टिपून ठेवायचा आणि यंत्र आले की उघडायचा, हे शक्य आहे. दवाखान्याची कागदपत्रे वीस वर्षांनी उघडी पडली तरी माणसाचे नुकसान होतेच. दुसरे कारण १८३९ ची आठवण करून देते. जुनी किल्ली तुटली की त्या किल्लीची सही हवी तेव्हा, हव्या त्या मागच्या तारखेने बनवता येईल. खरी जुनी सही आणि नवी बनावट सही यांत गणिताच्या दृष्टीने फरक उरणार नाही.

उपाय तयार आहेत. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे 'निस्ट'ने, २०१६ मध्ये जगभरातून नव्या पद्धती मागवल्या आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानके जाहीर केली. एक किल्ली पोचवण्यासाठी, 'एमएल-केईएम'. दोन सहीसाठी, 'एमएल-डीएसए' आणि 'एसएलएच-डीएसए'. जुन्या पद्धती २०३५ नंतर वापरू नयेत, असे तिच्या मसुद्यात आहे. सॉफ्टवेअरचा भाग बराच पुढे गेला आहे. 'ओपनएसएसएच'ने २०२२ मध्ये, 'सिग्नल'ने २०२३ मध्ये, 'क्रोम' ब्राउझरने २०२४ मध्ये जुने आणि नवे अशी दोन कुलपे एकत्र लावायला सुरुवात केली. बँका आणि सरकारी सर्व्हर ज्यावर चालतात त्या 'ओपनएसएसएल'मध्ये एप्रिल २०२५ पासून तिन्ही नव्या पद्धती आहेत. दोन कुलपे का, याचे उत्तर २०२२ मध्ये मिळाले. स्पर्धेत पुढे आलेली 'एसआयकेई' ही नवी पद्धत साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फुटली. नवे म्हणून पक्के, असे धरून चालत नाही.

खरी अडचण यंत्रांची आहे. आपल्याकडे चार्टर्ड अकाउंटंट, ग्रामसेवक, ठेकेदार जी पेनड्राइव्हसारखी दिसणारी डिजिटल सहीची टोकन वापरतात, तिच्यात गुप्त किल्ली एका लहान चिपमध्ये बंद असते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या किल्ल्या तिजोरीसारख्या खास यंत्रांत असतात. जुनी आरएसए सही २५६ बाइटांची, नवी 'एमएल-डीएसए' सही किमान २४२० बाइटांची. लहान चिपला एवढा भार पेलतोच असे नाही. काही यंत्रे फर्मवेअर बदलून सुधारतील, काही फेकून द्यावी लागतील. त्यातही एक मेख आहे. यंत्राला मिळणारे नवे फर्मवेअर खरे की खोटे, हे यंत्र जुन्या किल्लीनेच तपासते. ती किल्ली तुटण्याच्या आधी बदल झाला तरच तो भरवशाचा.

इथे 'सनद' या शब्दाकडे परत यावे लागते. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. अमुक याने तमुक याच्याकडून ऐकले, त्याने त्याच्याकडून. मजकूर कितीही सुंदर असो, एक रावी अविश्वासू निघाला तर हदीस दुबळी ठरते. त्यासाठी मुहद्दिसांनी हजारो रावींची चरित्रे तपासून 'अस्मा-उर-रिजाल' हे शास्त्रच उभे केले. डिजिटल सही नेमकी अशीच चालते. तलाठ्याच्या सहीला प्रमाणपत्र देणारी संस्था जामीन, त्या संस्थेला केंद्र सरकारच्या नियंत्रकाची मूळ किल्ली जामीन. मुळाची किल्ली कच्ची झाली की खालची सगळी साखळी कच्ची. म्हणून बदलाची सुरुवात वरून व्हावी लागते. तो एकट्या तलाठ्याने करायचा नाही.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. वक्फ मालमत्तांच्या नोंदी २०२५ पासून केंद्राच्या 'उमीद' पोर्टलवर चढवल्या जाऊ लागल्या. सातारा-सांगलीत मशिदी, दर्गे, कब्रस्ताने यांच्या इनामांचे व्यवहार आदिलशाहीपासूनच्या सनदांवर चालत आले. त्यांतल्या कित्येक कज्ज्यांत तीनशे वर्षांपूर्वीचा कागद आजही न्यायालयात दाखवावा लागतो. जमिनीचा कागद इतकी वर्षे जगतो. डिजिटल सहीचे प्रमाणपत्र आपल्याकडे फार तर तीन वर्षांचे असते. खऱ्यांना कागदावर अक्षराचे वळण आणि शाई सापडत होती. संगणकातल्या नोंदीला वळण नाही, शाई नाही. तिचा एकुलता साक्षीदार गणित आहे, आणि तो साक्षीदार म्हातारा होतो.

उपाय जुन्या दफ्तरांच्या रिवाजासारखाच आहे. नवा अधिकारी आला की नवा शिक्का, आणि महत्त्वाच्या जुन्या सनदांचे नूतनीकरण. डिजिटल नोंदींनाही जुनी सही पक्की आहे तोवरच नव्या पद्धतीची सही आणि वेळेचा शिक्का चढवावा लागेल. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. यंत्र बांधण्याइतकीच काळजी जुन्या नोंदी वाचवण्याचीही घेतली गेली पाहिजे.

आपल्यापुरते काही आजच करता येईल. मशीद आणि दर्ग्यांच्या विश्वस्तांनी मूळ सनदा, इनामपत्रे, नगर भूमापनाचे उतारे स्कॅन केले म्हणून रद्दीत टाकू नयेत. प्रमाणित नकला दोन ठिकाणी ठेवाव्यात. मोडी आणि फारसी कागदांचे वाचन जाणकारांकडून करून घ्यावे. फोन आणि संगणकाचे अपडेट टाळू नयेत. नोंदी पोर्टलवर चढवताना संबंधित कार्यालयाला लेखी विचारावे की, या सहीचे प्रमाणपत्र संपल्यावर आमच्या नोंदीवर पुन्हा सही कोण करणार आणि केव्हा. मिळालेले उत्तर कागदावर घ्यावे, आवक-जावक क्रमांकासह, आणि ते मूळ सनदेच्याच फायलीत लावावे.