जीपवाल्यांचा संघ

आमच्या हिंगणी गावात महिंद्राची ओळख जीपमुळे. बोर धरणाकडे माणसं भरून जाणाऱ्या त्या गाडीच्या कंपनीचा मुंबईत फुटबॉल संघ होता, आणि मी त्याचा पाठीराखा, हे सांगितलं की आमच्याकडे अजूनही लोक हसतात. हसोत.

1962 साली सुरू झालेला हा कंपनीचा संघ पुढे ‘महिंद्रा युनायटेड’ झाला. त्याचं मैदान कुपरेज. राष्ट्रीय फुटबॉल लीग 1996ला सुरू झाली. विजेतेपद बहुतेकदा कोलकात्याचं, नाहीतर गोव्याचं. मग आला 2005-06चा हंगाम. प्रशिक्षक डेरिक परेरा. लीगही जिंकली, फेडरेशन कपही! ती लीग जिंकणारा महाराष्ट्राचा हा एकमेव संघ.

कौतुक सगळं बरेटोचं होतं. ब्राझीलचा तो, पायात जादू होतीच. पण माझं मत विचाराल तर गोलसाठी घानाचा याकुबू आणि भरवशासाठी गोव्याचा महेश गावली. बचावपटूला पेपरात मथळा मिळत नाही. गोल अडवला तर फोटो गोलकीपरचा. पुढे मुंबईचा स्टीव्हन डायस उजव्या बाजूने असा धावायचा की बॅकला वळायला वेळच मिळू नये.

2007ला एएफसी कपची उपांत्यपूर्व फेरी, आणि 2010ला संघच बंद. कंपनी म्हणाली, आता पैसा शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर. हेतू चांगला असेल, मला तो पटला नाही. मुलांनी मोठं होऊन खेळायचं कुठे?

नंतर मुंबई सिटी या दुसऱ्या संघाने 2020-21ला आयएसएल ही वेगळी लीग जिंकली. टाळ्या वाजवल्या. मनापासून नाही.