नर्मदा-शोण पट्ट्यातील भूगर्भीय उष्णता आणि केनियाचा अनुभव

जमिनीच्या पोटातील उष्णतेवर वीज निर्माण करण्यात आफ्रिका खंडात केनिया हा देश सर्वांच्या पुढे आहे. त्या देशातील जवळजवळ निम्मी वीज आज भूगर्भातील वाफेपासून मिळते. भारतातही अशा उष्णतेचे साठे आहेत आणि त्यांपैकी एक महत्त्वाचा पट्टा जबलपूरवरून जातो. या पट्ट्यातील तातापानी येथे विहिरी खोदून गरम पाणी वर आणण्यात यशही आले होते. तरीही तेथे वीज केंद्र उभे राहिले नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केल्यामुळे या जुन्या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष वळले आहे.

जबलपूरवरून जाणारी भेग

मध्य भारतातून पश्चिम-पूर्व दिशेने जाणाऱ्या शोण, नर्मदा आणि तापी या नद्यांची खोरी एका प्राचीन भूकवचभंगाच्या आधाराने तयार झाली आहेत. भूशास्त्रज्ञ या पट्ट्याला तिन्ही नद्यांच्या आद्याक्षरांवरून ‘सोनाटा’ म्हणतात. हा पट्टा आजही पूर्णपणे शांत झालेला नाही, याचा प्रत्यय २२ मे १९९७ च्या पहाटे आला. त्या दिवशी जबलपूर परिसरात ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे ४० जणांना प्राण गमवावे लागले. भूकंपाचे केंद्र जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. द्वीपकल्पीय भारतातील भूकंपांच्या मानाने ही खोली असाधारण मानली जाते.

या भूकंपाचा आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचा थेट कार्यकारणसंबंध जोडता येत नाही. मात्र दोघांचे घर एकच आहे. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोलवर मुरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून पुन्हा वर येते. जमिनीत खाली जाताना तापमान दर किलोमीटरला सामान्यतः २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. जेथे भेगा खोल आहेत आणि तापमानवाढ नेहमीपेक्षा अधिक आहे, तेथे झरे उष्ण असतात.

सोनाटा पट्ट्यात असे झरे ठिकठिकाणी आढळतात. जबलपूर-मंडला रस्त्यावर बबेहा येथे गरम पाण्याचे कुंड आहे. बरगी धरणाच्या फुगवट्याचे पाणी त्याला वेढून असते. पचमढीच्या परिसरातील अनहोनी, अमरावती आणि बैतूल जिल्ह्यांच्या सीमेवरील सालबर्डी, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव हीही याच मालिकेतील स्थाने. कोकणातील वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी आणि राजापूर येथील झऱ्यांची रांग मात्र वेगळी आहे. ती पश्चिम किनाऱ्याला समांतर असलेल्या भेगांवर आहे.

तातापानीच्या विहिरी

या संपूर्ण पट्ट्यात सर्वाधिक आशा निर्माण केली ती तातापानीने. जबलपूरच्या पूर्वेस साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर असलेले हे गाव पूर्वी मध्य प्रदेशाच्या सरगुजा जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाल्यावर ते त्या राज्यात गेले आणि २०१२ मध्ये नव्या बलरामपूर जिल्ह्यात समाविष्ट झाले. येथील उकळत्या पाण्याची कुंडे परिसरातील लोकांचे श्रद्धास्थान असून मकरसंक्रांतीला तेथे मोठा उत्सव भरतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने तातापानी येथे २६ विंधन विहिरी घेतल्या. सुमारे ३५० मीटर खोलीपर्यंतच ११२ अंश सेल्सिअस तापमान आढळले. पाच उत्पादक विहिरींतून मिनिटाला १,६०० ते १,८०० लिटर गरम पाणी आपल्याच दाबाने वर येऊ लागले. त्या आधारे ३०० किलोवॅट क्षमतेचे प्रायोगिक वीज केंद्र सुचविण्यात आले.

हा आकडा लहान का, हे साध्या हिशेबाने समजते. मिनिटाला १,६०० लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७ लिटर पाणी. ते ४० अंशांनी थंड केल्यास जवळजवळ ४,५०० किलोवॅट इतकी उष्णता हाती येते. परंतु एवढ्या कमी तापमानाच्या उष्णतेचे विजेत रूपांतर केवळ ६ ते ८ टक्केच होते. म्हणून वीज ३०० किलोवॅटच्या आसपास मिळते आणि बाकीची उष्णता उरते. ती वाया जाऊ द्यायची की वापरायची, हा या विषयातील दुर्लक्षित राहिलेला प्रश्न आहे.

उष्णतेपासून वीज

भूऔष्णिक वीज केंद्रांचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. काही मोजक्या ठिकाणी जमिनीतून कोरडी वाफच बाहेर पडते आणि ती थेट टर्बाइनवर सोडता येते. इटलीतील लार्देरेल्लो हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेथे १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेच्या साह्याने जनित्र फिरवून पाच दिवे लावण्यात आले आणि या तंत्राचा जगात प्रारंभ झाला.

दुसऱ्या प्रकारात खोलवर दाबाखाली असलेले अतिउष्ण पाणी वर येताना दाब कमी झाल्याने त्याच्या काही भागाची वाफ होते. ती वेगळी करून टर्बाइन चालविली जाते. त्यासाठी भूगर्भातील पाणी साधारणपणे १८० अंशांहून अधिक तापलेले असावे लागते.

तिसरा प्रकार तातापानीसारख्या स्थानांना उपयोगी आहे. यात गरम पाणी टर्बाइनपर्यंत जातच नाही. आयसोपेंटेनसारखा २८ अंशांना उकळणारा द्रव त्या पाण्याच्या उष्णतेने तापवितात. त्याची वाफ टर्बाइन फिरविते, पुन्हा थंड होऊन द्रव बनते आणि बंद नळ्यांतून हे चक्र चालू राहते. वापरलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून परत भूगर्भात सोडले जाते. तसे न केल्यास जलसाठ्याचा दाब घटतो आणि काही वर्षांत विहिरी दुबळ्या होतात.

केनियातील वाटचाल

पूर्व आफ्रिकेत भूकवच हळूहळू दुभंगत आहे. इथिओपियापासून केनिया व टांझानियापर्यंत पसरलेल्या या खचदरीत ज्वालामुखी आहेत आणि वितळलेला खडक जमिनीपासून फार खोल नाही. केनियातील नैवाशा सरोवराजवळच्या ओल्कारिया येथे काही विहिरींत ३०० अंशांहून अधिक तापमान आढळले आहे.

तरीही हे यश सहजासहजी मिळाले नाही. ओल्कारियातील पहिल्या दोन विहिरी १९५० च्या दशकात खोदल्या गेल्या. त्यांतून उपयुक्त वाफ मिळाली नाही आणि काम थांबले. १९७० च्या दशकात खनिज तेल महागल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने ते पुन्हा सुरू झाले. १९८१ मध्ये १५ मेगावॉटचा पहिला संच चालू झाला आणि १९८५ पर्यंत ही क्षमता ४५ मेगावॉट झाली. त्यानंतर पंधराएक वर्षे गती मंदच होती.

या शतकाच्या आरंभी अवर्षणामुळे केनियातील जलविद्युत केंद्रे अडचणीत आली आणि देशाला वीजकपात सोसावी लागली. पावसावर अवलंबून नसलेल्या विजेची गरज त्या वेळी तीव्रतेने जाणवली. केनियाने २००८ मध्ये भूऔष्णिक विकासासाठी स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन केली. तिचे मुख्य काम विहिरी खोदण्याचे, म्हणजेच या व्यवसायातील सर्वांत मोठा धोका सरकारने स्वतःवर घेण्याचे. वाफ सापडली की ती वीज कंपन्यांना विकायची, अशी ही व्यवस्था आहे.

ओल्कारियात २०१४-१५ मध्ये एकाच टप्प्यात २८० मेगावॉटची भर पडली. आणखी केंद्रे २०१९ व २०२२ मध्ये सुरू झाली. मेनेंगाई या दुसऱ्या ज्वालामुखी क्षेत्रात ३५ मेगावॉटचे खासगी केंद्र २०२३ मध्ये चालू झाले. सरकारने तेथे विहिरी खोदण्यास सुरुवात करून तोवर बारा वर्षे झाली होती. आज केनियाची एकूण भूऔष्णिक क्षमता ९०० मेगावॉटहून अधिक आहे. तेथील सरकारी वीज कंपनी इथिओपिया आणि जिबूती या देशांतही विहिरी खोदण्याची कामे घेते.

फरक कोठे पडला

केनियाशी तुलना करताना निसर्गाने केलेला भेद प्रथम मान्य करावा लागतो. सोनाटा पट्ट्यात जागृत ज्वालामुखी नाहीत. ओल्कारियातील एखादी चांगली विहीर ५ मेगावॉटहून अधिक वीज देते, म्हणजे तातापानीच्या संपूर्ण प्रस्तावित केंद्राच्या १६ पटींहून अधिक. त्यामुळे जबलपूरच्या पट्ट्यात दुसरे ओल्कारिया उभे राहील, अशी अपेक्षा बाळगणे योग्य नाही.

दुसरे कारण कोळशाचे. तातापानीत विहिरी घेतल्या जात असताना त्या भागाचा वीजपुरवठा मध्य प्रदेश वीज मंडळाकडे होता आणि मंडळाचे मुख्यालय जबलपूरच्या शक्तिभवनात होते. या मंडळाच्या क्षेत्रात कोरबा आणि सिंगरौली येथे कोळशाचे प्रचंड साठे होते. सिंगरौली परिसरातील विंध्याचल हे आज ४,७६० मेगावॉटचे, देशातील सर्वांत मोठे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा शेजारात ३०० किलोवॅटच्या केंद्राची निकड कोणाला वाटणार? केनियाकडे असा पर्याय नव्हता.

तिसरे कारण जोखमीचे. भूऔष्णिक केंद्राचा मोठा खर्च वीज मिळण्यापूर्वीच, विहिरी खोदण्यात होतो आणि विहीर कोरडी गेल्यास तो बुडतो. सौर प्रकल्पाची गोष्ट याच्या उलट आहे. रीवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे इतका दर मिळाला. सूर्यप्रकाश किती मिळणार हे आधी मोजता येत असल्यामुळेच असा दर शक्य होतो. भूगर्भाबाबत ती खात्री खोदल्यावरच मिळते. छत्तीसगड सरकारने २०१३ मध्ये राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाच्या साह्याने तातापानी येथे केंद्र उभारण्याचे ठरविले होते. मात्र तो प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही.

देशातील अन्य प्रयत्नही लहान प्रमाणावरच झाले. हिमाचल प्रदेशातील मणिकरण येथे ५ किलोवॅटचे प्रायोगिक यंत्र काही काळ चालले. तेलंगणातील मणुगुरू येथे सिंगरेणी कोळसा कंपनीच्या क्षेत्रात २० किलोवॅटचा प्रयोग झाला. लडाखमधील पुगा खोऱ्यात १ मेगावॉटच्या केंद्रासाठी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये करार केला.

जमीन आणि माणसे

भूऔष्णिक वीज स्वच्छ असली, तरी तिची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही असे नाही. ओल्कारिया हे मासाई पशुपालकांच्या चराऊ भूमीत आहे. २०१४ मध्ये एका केंद्रासाठी मासाई वस्त्यांचे स्थलांतर करण्यात आले. नव्या जागेतील गैरसोयी आणि जमिनीच्या मालकीची कागदपत्रे यांविषयी रहिवाशांनी जागतिक बँकेकडे तक्रार केली. त्यानंतर मध्यस्थीने तोडगा काढावा लागला.

जबलपूरच्या वाचकाला ही कथा अपरिचित वाटणार नाही. बरगी धरणामुळे जबलपूर, मंडला व शिवनी जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली आणि पुनर्वसनाचा प्रश्न पुढे अनेक वर्षे धगधगत राहिला. भूऔष्णिक केंद्राला धरणाच्या मानाने अत्यल्प जागा लागते. परंतु गरम पाण्याची कुंडे ही बहुतेक ठिकाणी तीर्थस्थाने असतात आणि विहिरींमुळे झऱ्याचा प्रवाह घटू शकतो. त्यामुळे स्थानिक लोकांची संमती आधी घ्यावी लागते, ती नंतर मिळविता येत नाही.

पुढील दिशा

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या २०२२ च्या मानचित्रसंग्रहात देशातील ३८१ उष्ण स्थानांची नोंद असून एकूण क्षमता सुमारे १०,६०० मेगावॉट असल्याचा अंदाज आहे. हा अंदाज भूगर्भातील उष्णतेचा आहे, हाती असलेल्या विजेचा नव्हे. नव्या राष्ट्रीय धोरणात विजेबरोबरच उष्णतेच्या थेट वापराला स्थान देण्यात आले आहे. नर्मदा-शोण पट्ट्यासाठी हीच बाब अधिक मोलाची ठरू शकते.

तातापानीच्या हिशेबात विजेनंतर उरणारी सुमारे ४,२०० किलोवॅट उष्णता धान्य, मिरची किंवा वनोपज वाळविण्यास आणि शीतगृह चालविण्यास उपयोगी पडू शकते. केनियात नैवाशाच्या काठावर फुलांच्या शेतीतील काचगृहे अशाच उष्णतेवर उबदार ठेवली गेली आहेत. वीज ३०० किलोवॅटच असली तरी ती रात्री आणि पावसाळ्यातही मिळते, हा तिचा सौर विजेपेक्षा वेगळा गुण आहे.

ओल्कारियातील पहिल्या अपयशी विहिरींपासून पहिल्या संचापर्यंत केनियाला सुमारे २५ वर्षे लागली. ज्वालामुखी नसलेल्या भारताला तो देश भूगर्भाविषयी फारसे शिकवू शकणार नाही. खोदाईची जोखीम सरकारने उचलावी, अपयशानंतरही काम सोडू नये आणि जमिनीवरील माणसांना आधी विचारावे, हे मात्र त्याच्याकडून घेता येईल. तातापानीच्या बाबतीत तर पहिली पायरी केव्हाच ओलांडली गेली आहे. विहिरी खोदून झाल्या आहेत आणि तापमानही मोजून झाले आहे.